राज्य सोडून भाजी लावणारा सम्राट खरंच सुखी होता का?

फिरस्ता_म्युनिक
मंडळी नमस्कार. गेल्या महिन्यात क्रोएशियाला जाऊन आलो, त्यात दोन दिवस स्प्लिटला होतो. रोमन सम्राट डायोक्लेशनने निवृत्तीनंतर राहायला बांधलेला राजवाडा तिथे आहे, म्हणजे राजवाडा म्हणायचा पण आत अख्खं गाव वसलंय, रोमन खांबाला दोरी बांधून कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या आणि खाली कॉफीची टेबलं. आमच्या गाइडने ती फेमस गोष्ट सांगितली, की याने आपणहून राज्य सोडलं, इथे येऊन कोबी लावला, आणि लोक परत बोलवायला आले तर म्हणाला माझा कोबी बघा एकदा, मग नाही असलं काही विचारणार. सगळे हसले. माझी मुलगी (वय ११) म्हणाली, मग पुढे त्याचं काय झालं? गाइड म्हणाला, राहिला इथेच सुखाने. आणि आम्हाला आइस्क्रीमच्या दुकानाकडे घेऊन गेला.

घरी आल्यावर सहज वाचायला घेतलं तर सुखाने वगैरे काही दिसेना. तर प्रश्न असा, की त्याने सोडलं ते बरोबर केलं का? आणि तुम्हाला काय वाटतं, सुखी होता का?

खवचट_काका
हा धागा आमच्या सोसायटीच्या चेअरमनना फॉरवर्ड केला आहे. २००९ पासून ते "या वर्षी शेवटचं" म्हणतायत.

दगडफूल
चांगला विषय. थोडी पार्श्वभूमी देतो, नाहीतर त्याने सोडलं यात एवढं विशेष काय ते कळणार नाही.

२३५ ते २८४ या पन्नास वर्षांत रोमला वीसेक सम्राट झाले आणि त्यातले जवळजवळ सगळे मारले गेले, बरेचसे स्वतःच्याच सैनिकांकडून. म्हणजे त्या पोस्टवरून निवृत्त व्हायची पद्धतच नव्हती, एक्झिट एकच. हा डायोक्लीस नावाचा डाल्मेशियातल्या साध्या घरातला माणूस, सैन्यात वर चढत गेला आणि २० नोव्हेंबर २८४ ला निकोमीडियाजवळ (आजचं तुर्कस्तानातलं इझमित) सैन्याने त्याला सम्राट केलं. याने ओळखलं की एवढं राज्य एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. आधी जुना मित्र मॅक्सिमियनला बरोबरीला घेतलं, मग २९३ मध्ये दोन ज्युनियर नेमले, गॅलेरियस आणि कॉन्स्टँशियस. अशी चौकडी. ठिकठिकाणी बंडं मोडली, इराणशी तह केला, प्रांतांचे तुकडे करून संख्या जवळपास दुप्पट केली. वीस वर्षं टिकला. हे त्या काळात अचाट होतं.

आणि मग १ मे ३०५ ला निकोमीडियाबाहेर तीन मैलांवरच्या त्याच टेकाडावर सैन्य जमवलं, जिथे तो स्वतः सम्राट झाला होता. ज्युपिटरच्या पुतळ्यापाशी उभा राहून रडत रडत सांगितलं की मी थकलोय, आता विश्रांती हवी, धडधाकट माणसांच्या हातात देतो. अंगावरचं जांभळं वस्त्र काढून नव्या माणसाच्या खांद्यावर टाकलं आणि पुन्हा साधा डायोक्लीस होऊन गाडीत बसून निघाला. त्याच दिवशी तिकडे मिलानला मॅक्सिमियनलाही सोडायला लावलं, त्याची अजिबात इच्छा नव्हती. माझ्या मते रोमन इतिहासातला हा सगळ्यात धाडसी निर्णय.

पेन्शनर_६१
धाडस की नाइलाज? त्याच्या आधीचं वर्षही बघा. ३०३ च्या नोव्हेंबरात राज्याला विसावं वर्ष लागलं म्हणून रोमला समारंभ केला, तिथल्या लोकांच्या फटकळपणाला वैतागून भर डिसेंबरात निघाला आणि थंडीपावसात आजारी पडला. पुढचं जवळजवळ सगळं वर्ष पालखीत. डिसेंबर ३०४ मध्ये तर गेला अशीच आवई उठली होती, राजवाड्यात रडारड. मार्चमध्ये बाहेर आला तेव्हा लोकांना ओळखू येईना.

मी स्वतः बायपासनंतर दोन वर्षं आधी व्हीआरएस घेतली. ऑफिसात सगळे म्हणाले वा काय निर्णय घेतला तुम्ही, पण तो निर्णय मी कुठे घेतला होता, छातीने घेतला होता. पहिले तीन महिने फोन वाजला की वाटायचं ऑफिसचाच असेल. आता गच्चीत मिरच्या आणि अळू आहे. मिरची बरी येते, अळूला मात्र खाज फार.

ढ_विद्यार्थी
काका अळूचं बी द्याल का

पेन्शनर_६१
अळूला बी नसतं लावायला, कंद लावतात. व्यनि करा.

दगडफूल
@पेन्शनर_६१, आजारपण खरंच आहे, पण फक्त त्यामुळे सोडलं म्हणता येत नाही. स्प्लिटचा वाडा त्याआधी कित्येक वर्षं बांधायला घेतलेला होता. शेजारच्या ब्राच बेटावरचा पांढरा दगड, इजिप्तहून आणलेले खांब आणि स्फिंक्स, पाण्यासाठी याद्रो नदीपासून नऊ किलोमीटरचा कालवा. असलं काम कुणी तापात ठरवत नाही. आणि मॅक्सिमियनकडूनही तूही सोडशील अशी शपथ आधीच घेऊन ठेवली होती.

गाढवाचं_लग्न_नाही
रिटायरमेंट होम साधारण २१५ बाय १८० मीटर, चार वेशी, सोळा बुरूज, आणि अर्ध्या भागात पहारेकरी. याला शेतकरी झाला म्हणतात होय. आमच्याकडेही पुढारी असेच शेतकरी असतात.

शब्दकिडा
एक बारीक कीस काढतो, सवय आहे. लॅटिन मजकुरात कोबी नाहीये हो. शब्द आहे 'ओलेरा', म्हणजे सर्वसाधारण भाजीपाला. सलोनाला (त्याच्या वाड्यापासून सहाएक किलोमीटरवरचं जुनं शहर) आम्ही आमच्या हातांनी लावलेली भाजी तुम्हाला बघता आली असती तर हे करून पाहावं असं तुमच्या मनातही आलं नसतं, असं साधारण वाक्य आहे. कोबी नंतर इंग्रजीतून लोकप्रिय झाला. आणि हे वाक्य लिहिणारा माणूस डायोक्लेशननंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी लिहितोय. तेव्हा गाइडने ऐकवलेला कोबी दोनदा शिजवलेला आहे.

खवचट_काका
म्हणजे मेथीसुद्धा असू शकेल.

शब्दकिडा
असू शकेल काका. पण मेथीवरून कुणी साम्राज्य नाकारेल असं वाटत नाही.

सोनचाफा
मेथीवरून मी काहीही नाकारेन

निळी_शाई
इतका वेळ सगळे कौतुकच चाललंय म्हणून लिहिते. हा गोड म्हातारा बागकाम करायच्या दोन वर्षं आधी काय करत होता? २३ फेब्रुवारी ३०३ ला निकोमीडियातलं चर्च पाडलं, दुसऱ्या दिवशी फर्मान लावलं. चर्चं पाडा, धर्मग्रंथ जाळा, ख्रिश्चनांचे हुद्दे आणि हक्क काढून घ्या. पुढच्या फर्मानांत धर्मगुरूंना अटक, मग सगळ्यांनी देवांना बळी द्या नाहीतर शिक्षा. त्याच्याही आधी मानीपंथीयांच्या (इराणकडून आलेला एक धर्म) पुढाऱ्यांना ग्रंथांसकट जाळायचा हुकूम होता. मला त्या भाजीचं काही कौतुक वाटत नाही.

दगडफूल
तुमचं बरोबर आहे, ते झाकायचं कारण नाही. फक्त एक सांगतो की आपल्याला शेवटच्या वर्षांची जी रसभरीत माहिती मिळते त्यातली बरीचशी लॅक्टॅन्शियसकडून. हा लॅटिन वक्तृत्वाचा शिक्षक, त्याला निकोमीडियाला बोलावून नोकरी दिली होती खुद्द डायोक्लेशनने. छळ सुरू झाल्यावर ती गेली, कारण तो ख्रिश्चन. नंतर त्याने छळ करणारे सम्राट कसे हाल होऊन मेले यावरच लिहिलं. म्हणजे ज्याचं मीठ खाल्लं त्याचंच श्राद्ध घातलं. त्याच्या मते छळामागे खरा हात जावयाचा, गॅलेरियसचा, आणि पदत्यागही जावयाने धमकावून करवला.

निळी_शाई
पक्षपाती असेल, पण तो त्या गावात होता आणि नोकरी त्याची गेली होती. आणि जावयाने सांगितलं म्हणून सासऱ्याने सही केली हा काय बचाव झाला?

पेन्शनर_६१
जामाता दशमो ग्रहः.

दगडफूल
काका, या गोष्टीत तर दोन दोन दशमग्रह आहेत. मॅक्सिमियनला घरी बसवेना, ३०६ मध्ये परत आला, मुलगी कॉन्स्टंटाइनला (चौकडीतल्या कॉन्स्टँशियसचा मुलगा) दिली, मग ३१० मध्ये त्याच जावयाविरुद्ध उठला आणि गळफास घेऊन संपला. निदान अधिकृत बातमी तशी होती.

टॅली_तात्या
मी पडलो अकाउंट्सवाला, मला त्याचं ३०१ सालचं दरपत्रक जास्त इंटरेस्टिंग वाटतं. महागाई बेफाम, नाण्यात चांदी नावाला. तर याने हजारावर वस्तू आणि मजुऱ्यांचे कमाल दर दगडावर कोरून लावले, जास्त घेतलं तर मृत्युदंड. त्याचे तुकडे अजून सापडतात. शेतमजूर २५ दिनार रोज आणि जेवण, न्हावी डोक्यामागे २, प्राथमिक शिक्षकाला एका मुलामागे महिन्याला ५०. आणि खेळात सोडायचा एक नंबरचा सिंह दीड लाख. म्हणजे मजुराचे ६००० दिवस, एकही खाडा न करता सोळा वर्षांच्या वर. दरपत्रकाच्या सुरुवातीला नफेखोरांच्या नावाने लांबलचक शिमगा आहे, तो वाचताना एखाद्या टीव्हीवरच्या चर्चेची आठवण येते. निकाल काय लागला तर माल बाजारातून गायब, किरकोळ गोष्टींवरून रक्तपात, आणि शेवटी गुंडाळलं. हे शेवटचंही त्या लॅक्टॅन्शियसनेच लिहिलंय म्हणा, पण दर पुढेही चढतच राहिले हे खरं आहे.

गाढवाचं_लग्न_नाही
सिंह परवडत नाही म्हणून शिक्षक ठेवले असतील

टॅली_तात्या
हसू नका, ३० मुलांच्या मास्तरला एका सिंहासाठी शंभर महिने शिकवावं लागलं असतं.

ढ_विद्यार्थी
यात भाजीचा पण दर आहे का?

टॅली_तात्या
आहे की, कोबीसकट. स्वतःच्याच दराने विकली असती तर त्या वाड्याचा झाडूवालासुद्धा परवडला नसता.

रेल्वेप्रेमी
अवांतर: रोमचं मुख्य स्टेशन टर्मिनी. मला वर्षानुवर्षं वाटायचं टर्मिनस म्हणून टर्मिनी. तर नाही, समोर डायोक्लेशनचं प्रचंड स्नानगृह होतं, थर्मे, त्यावरून त्या भागाचं आणि मग स्टेशनचं नाव. त्याच स्नानगृहाच्या एका भागाचं पुढे मायकेलँजेलोच्या आराखड्यावरून चर्च झालं. गंमत म्हणजे ते स्नानगृह पूर्ण होईपर्यंत हा सलोनाजवळ भाजीला पाणी घालत होता, आणि रोमला तर मुळात क्वचितच फिरकायचा.

दगडफूल
अवांतरात अवांतर. अलेक्झांड्रियात ज्याला पॉम्पीचा खांब म्हणतात तो पॉम्पीचा नव्हेच, याचाच. तिथलं बंड मोडायला याने महिनोन्महिने वेढा दिला होता. नंतरच्या काळातली दंतकथा अशी की शहरात शिरताना म्हणाला, रक्त माझ्या घोड्याच्या गुडघ्यापर्यंत येईतो कापत सुटा. आणि वेशीतच घोडा ठेचकाळला, गुडघे रक्ताने माखले. शब्द पुरा झाला म्हणून कत्तल थांबली, आणि अलेक्झांड्रियाच्या लोकांनी म्हणे पुतळा उभारला तो घोड्याचा!

खवचट_काका
धाग्यातलं पहिलं समजूतदार पात्र.

सोनचाफा
मी कालपासून हा धागा वाचतेय. कोबी झाला, मेथी झाली, सिंह झाला, घोडासुद्धा झाला. फिरस्ता यांच्या मुलीने विचारलं होतं पुढे काय झालं, ते कुणी सांगतच नाहीये. याला बायको होती, प्रिस्का. आणि एक मुलगी, व्हॅलेरिया. तिच्याबद्दल लिहिते.

व्हॅलेरियाचं लग्न बापाने गॅलेरियसशी लावलं, चौकडी घट्ट व्हावी म्हणून. तिला मूल झालं नाही, नवऱ्याचा दुसरीपासून झालेला मुलगा कँडिडियानस तिने आपला म्हणून वाढवला. ३११ मध्ये गॅलेरियस फार वाईट आजाराने गेला (मरायच्या जरा आधी त्यानेच छळ थांबवायचं फर्मान काढलं, हेही खरं). विधवा झाल्यावर ती मॅक्सिमिनस डायाच्या आश्रयाला गेली. हा डाया म्हणजे तोच, ज्याच्या खांद्यावर बापाने आपलं वस्त्र टाकलं होतं. हिचं अजून सुतक फिटलं नव्हतं, काळे कपडे होते अंगावर, आणि याचा निरोप आला की माझ्याशी लग्न कर, आत्ताच्या बायकोला मी सोडतो. तिने स्पष्ट नाही सांगितलं. मग मालमत्ता जप्त, नोकरचाकर काढून घेतले, ओळखीच्या बायकांवर खोटे आरोप ठेवून त्यांना मारलं, आणि आईसकट हिला सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलून दिलं.

तिने तिथून कसाबसा बापाला निरोप पोचवला. आणि एकेकाळी ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत ज्याचा शब्द चालायचा तो बाप भाजीच्या वाफ्यातून माणसं पाठवून विनवतोय की माझी मुलगी मला परत द्या. एकदा नाही, परत परत. शेवटी आपला एक नातेवाईक, सैन्यातला वजनदार माणूस, त्याला पाठवलं. तोही रिकाम्या हाताने परत आला.

बाप गेल्यावर तरी सुटका? छे. ३१३ मध्ये डाया हरला आणि मेला, त्याला हरवणारा सम्राट लिसिनियस आला. त्याने कँडिडियानसला मारलं. व्हॅलेरिया साध्या बाईच्या वेशात पंधरा महिने गावोगाव लपत फिरली. थेस्सलोनिकीला कुणीतरी ओळखलं. आई आणि मुलगी दोघींची मुंडकी उडवली आणि धडं समुद्रात फेकली.

हे लिहिणाराही तोच लॅक्टॅन्शियस. ज्याला तुम्ही सगळे पक्षपाती म्हणताय त्याला डायोक्लेशनचं काही बरं बोलायचं नव्हतं, तरी या दोघींबद्दल लिहिताना त्याला वाईट वाटलेलं दिसतं.

निळी_शाई
सोनचाफाताई, हे मला माहीत नव्हतं. माझं वरचं मत बदलत नाही, पण हे वाचून थांबले जरा.

पेन्शनर_६१
३०८ मध्ये कार्नुंटमला (आजच्या व्हिएन्नाच्या पूर्वेला, डॅन्यूबच्या काठी) जी बैठक झाली तिला हा गेला होता. भाजीवालं उत्तर तेव्हाचंच समजतात, गॅलेरियस आणि मॅक्सिमियनने परत ये म्हटलं तेव्हाचं. आता व्हॅलेरियाचं वाचल्यावर वाटतं, तेव्हा हो म्हणाला असता तर? सैन्य हातात असतं तर डायाची हिंमत झाली असती?

दगडफूल
काका, तेव्हा गॅलेरियस धडधाकट होता, मुलगी महाराणी होती. पुढचं कुणाला दिसणार. पण मूळ प्रश्नावर माझं मत सोनचाफांच्या प्रतिसादानंतर थोडं सरकलंय. सोडलं ते बरोबर. चुकलं ते असं की माझ्यामागे चार माणसं नियमाने वागतील असं त्याने धरलं. त्या टेकाडावर सगळ्यांना वाटत होतं की कॉन्स्टँशियसचा पोरगा कॉन्स्टंटाइन तिथे उभाच आहे, त्याला घेतील. त्याला बाजूला सारून डायाला पुढे ओढलं. सात-आठ वर्षांत चौकडीचे तुकडे तुकडे. व्हेनिसला सान मार्कोच्या कोपऱ्यावर चौघांचा जांभळ्या दगडाचा पुतळा आहे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले पण दुसऱ्या हातात प्रत्येकाच्या तलवारीची मूठ. कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेला, एकाचा पाय तिकडेच राहिला, तो विसाव्या शतकात इस्तंबूलला सापडला.

शब्दकिडा
आणि मरण? एक म्हणतो दुःखाने अन्नपाणी सोडून मेला, दुसरा म्हणतो कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियसने लग्नाला बोलावलं, वय झालं म्हणून गेला नाही, तर धमकीची पत्रं आली आणि याने भीतीने विष घेतलं. सालही ३११ ते ३१६ मध्ये हेलकावे खातं. ते भाजीवालं वाक्य आणि हे विष, दोन्ही एकाच पुस्तकात, काही ओळींच्या अंतराने आहे. गाइड पहिलं वाक्य सांगतात आणि पुस्तक मिटतात.

कालनिर्णयी
वारशाचं कुणी बोललं नाही म्हणून माझी भर. अलेक्झांड्रियात ईस्टरच्या तारखा काढायला वर्षं मोजायचे ती डायोक्लेशनच्या राज्यारोहणापासून. ५२५ मध्ये डायोनिसियस नावाच्या साधूने नवीन तक्ता केला आणि म्हणाला, छळ करणाऱ्याचं नाव मी का चालू ठेवू, ख्रिस्तापासूनच मोजतो. डायोक्लेशन २४७ च्या पुढचं वर्ष त्याच्या तक्त्यात ५३२ झालं. म्हणजे आपण रोज जो इसवी सन लिहितो तो या माणसाचं नाव पुसण्यासाठी काढलेला आहे. उलट इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांनी तीच २८४ पासूनची मोजणी ठेवली, नाव दिलं हुतात्म्यांचा शक. आजही चालू आहे.

निळी_शाई
हे आवडलं.

खवचट_काका
चेअरमनचं उत्तर आलं. "छान माहिती. पुढील टर्ममध्ये गच्चीवर परसबाग करू."

फिरस्ता_म्युनिक
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सोनचाफाताई, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. मुंडकी वगैरे गाळलं. ती म्हणाली मग आई आणि मुलीला तो घेऊन का नाही गेला त्या वाड्यात, एवढी जागा होती. माझ्याकडे उत्तर नाही.

एक राहिलं. त्याने वाड्यातच स्वतःसाठी अष्टकोनी समाधी बांधली होती. सातव्या शतकात सलोना उद्ध्वस्त झाल्यावर लोक जीव वाचवायला वाड्यात घुसले, तेच आजचं स्प्लिट, आणि त्या समाधीचं कॅथीड्रल झालं, संत डोम्नियसचं. हा सलोनाचा बिशप, ३०४ मध्ये याच्याच राज्यात मारलेला. डायोक्लेशनची शवपेटी केव्हाच गायब आहे. पण आत घुमटाखाली दगडी पट्टी आहे, त्यात गोल चौकटीत दोन चेहरे आहेत, एक त्याचा आणि एक प्रिस्काचा समजतात. त्या दिवशी मला माहीत नव्हतं, सहज वर कॅमेरा करून काढलेला फोटो काल सापडला. थोडा हललाय. खाली टाकतो, डावीकडचा खांब धरून वर बघा.

सोनचाफा
फोटो दिसत नाहीये.

फिरस्ता_म्युनिक
परत टाकलाय, आता बघा.

सोनचाफा
अजून नाही.